शिवताना माया ठेवा

लग्नसराई तोंडावर आली की माझ्या दुकानात येणाऱ्या मुली आधी फोन पुढे करतात. फोनवर कुठल्या तरी नटीचा फोटो असतो. "काकू, अस्संच शिवून द्या." मी फोटो नीट बघते. गळा कसा कापलाय, बाही कुठे संपलीय हे लक्षात घेते. मग फोन बाजूला ठेवायला सांगते आणि तीन प्रश्न विचारते. हे ब्लाऊज कुठे घालणार? किती तास अंगावर राहणार? आणि त्या दिवसात हात किती वेळा वर जाणार?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जणी थबकतात, मग आपणच मोजायला लागतात. बहिणीच्या मुंडावळ्या बांधायच्या, अक्षता टाकायच्या, भाच्याला कडेवर घ्यायचं, वरातीत नाचायचं, निसटलेला गजरा पुन्हा माळायचा. फोटोतली बाई एका जागी उभी होती. माझ्यासमोरच्या मुलीला सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत हिंडायचं असतं.

सांगलीच्या गावभागात गेली 34 वर्षं मी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते आहे. त्याआधी याच जागेत माझी आई हातमशीनवर शिवत असे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. चांगला कपडा अंगावर चढवल्यावर थोड्या वेळात त्याचा विसर पडला पाहिजे. बाईचं लक्ष समोरच्या माणसांकडे, कामाकडे, गप्पांकडे गेलं की ती देखणी दिसायला लागते. तिचा हात दर दोन मिनिटांनी खांद्याकडे जात असेल, तर साडी दहा हजारांची असो की लाखाची, बघणाऱ्याला फक्त तिची अडचण दिसते.

नेसणं, घालणं, लेणं

आपल्या भाषेनं कपड्यांचा किती बारीक विचार केला आहे बघा. साडी आपण नेसतो. ब्लाऊज घालतो. शाल पांघरतो. फेटा बांधतो. दागिने लेतो, फुलं माळतो. इतकी वेगवेगळी क्रियापदं उगाच आलेली नाहीत. घातलेला कपडा शिंप्यानं तयार करून दिलेला असतो. नेसलेला कपडा मात्र नेसणारी रोज नव्यानं तयार करते. तीच साडी सासू नेसली की वेगळी दिसते आणि सून नेसली की वेगळी, कारण निऱ्यांची रुंदी, पदराची लांबी, खोचण्याची उंची प्रत्येकीच्या हाताची असते. स्वतःची शैली हा शब्द आता मासिकांतून वाचायला मिळतो, पण नऊ वार कापड आपल्या उंचीला, चालीला आणि कामाला बसवणाऱ्या आपल्या आज्या तेच करत होत्या. शेतात जाणारी कासोटा आवळून वर घेई, देवळात जाणारी तोच सैल सोडून घोट्यापर्यंत आणी.

माझ्या आईकडे चांगल्या अशा दोनच साड्या होत्या. एक लाल काठांची काळी चंद्रकळा आणि एक डाळिंबी इरकल. कुठेही जायचं असलं तरी त्या दोनांतलीच एक. धुऊन, खळ करून, ओलसर असतानाच घडी घालून ती गादीखाली ठेवायची. सकाळी ती घडी अशी निघायची की इस्त्रीची गरज नसे. ब्लाऊज साधं, कोपरापर्यंत बाहीचं, पण खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वहिनी, तुम्ही काही नेसा, तुम्हाला शोभतं." लहानपणी मला ते रूपाचं कौतुक वाटायचं. स्वतः शिवायला लागल्यावर समजलं की ते नीटनेटकेपणाचं आणि सवयीचं कौतुक होतं. आईला त्या दोन साड्यांचा प्रत्येक धागा ठाऊक होता.

इरकल आमच्या भागातली जिव्हाळ्याची साडी. विणली जाते ती कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावी, पण सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या घराघरांत ती पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली. तिचं वैशिष्ट्य पदरात आहे. अंगाचा ताणा वेगळा असतो, बहुधा सुती, आणि पदराचा ताणा रेशमी. विणकर या दोन ताण्यांचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतो आणि पुढे विणत जातो. अशा पदराला टोपपदर म्हणतात. लाल पदरावर पांढरी नक्षी येते आणि जिथे सूत संपून रेशीम सुरू होतं तो सांधा उघडच राहतो. तो झाकायचा कुणी प्रयत्न करत नाही, कारण त्याच सांध्यावरून ती इरकल म्हणून ओळखली जाते. माणसाच्या दिसण्यालाही मी हेच लावते. कुणाचा एक खांदा खाली असतो, कुणाची मान आखूड, कुणाचे दंड भरलेले. त्यांच्याशी जुळवून शिवलं की तेच तिचं रूप होतं.

माप घेताना

माप घेताना जवळजवळ प्रत्येक बाई श्वास रोखून पोट आत घेते. मी टेप खाली करते आणि गप्पा मारते. मुलं कशी आहेत, पाऊस कसा आहे. दोन मिनिटांनी ती नेहमीसारखी उभी राहिली की मग माप घेते, कारण ब्लाऊज रोखलेल्या श्वासाला शिवायचं नसतं.

वाचकांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी इथे सांगते. पहिली, मुंढ्याची. हात मोकळा हलावा म्हणून पुष्कळ जणी मुंढा खोल करायला सांगतात. होतं उलटंच. मुंढा खोल कापला की बाही खाली जोडली जाते आणि हात वर केला की सगळं ब्लाऊज वर ओढलं जातं. मुंढा काखेच्या बेताचा, जवळ बसणारा असेल तर हात हलतो आणि ब्लाऊज जागेवर राहतं. दुसरी, गळ्याची. पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे रुंद घेतले की खांदा घसरणारच. एक मोठा हवा असेल तर दुसरा आवरता घ्यावा. तिसरी, अस्तराची. सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून, आकसवून, वाळवून मगच कापायला हवं. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं रेशीम सुरकुतून बसतं. चौथी, धाग्याची. कापड उभ्या धाग्यात कापलं तर ताणत नाही, उरेप, म्हणजे तिरकं, कापलं तर ताणतं. गळ्याची पट्टी उरेप हवी, म्हणजे ती वळणावर बसते. गळा उचलला जातोय, चुण्या पडताहेत असं दिसलं तर बहुतेकदा पट्टी उरेप कापलेली नसते.

या गोष्टींना ज्यादा पैसे पडत नाहीत. विचारावं मात्र लागतं. शिंप्याला विचारायला संकोच करू नका. आपल्या अंगाबद्दल बोलायची सवय नाही म्हणून बायका गप्प बसतात आणि मग चार वर्षं न बसणारं ब्लाऊज ओढून घेत राहतात.

माया

आमच्या धंद्यात एक शब्द आहे जो मला फार आवडतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. "कुशीला माया ठेवलीय ना?" असं जुन्या बायका हटकून विचारायच्या. आज ब्लाऊज शिवतानाचं अंग पाच वर्षांनी तेच राहत नाही. बाळंतपण होतं, दुखणं होतं, वय होतं. दोन्ही कुशींना, पुढच्या आणि मागच्या भागाला एकेक इंच माया असेल, तर चारही ठिकाणी अर्धा-पाऊण इंच सोडता येतो आणि ब्लाऊज दोन ते तीन इंच वाढतं. तेवढ्यावर ते आणखी दहा वर्षं चालतं. तयार ब्लाऊजांत ही माया बऱ्याचदा नसते, अगदी शिवणीलगत कापून टाकलेली असते. दिसायला ते स्वच्छ वाटतं, पण अंग जरा बदललं की त्या ब्लाऊजाचा उपयोग संपतो.

शैलीलाही माया हवी असते, हे मला माझ्याच एका चुकीनं शिकवलं. मुलीच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला की आईनं या वेळी जरा नव्या पद्धतीचं काहीतरी घालावं. जाळीची, खड्यांनी भरलेली जड साडी घेतली. मी आयुष्यभर सुती आणि रेशमी नेसलेली बाई. त्या साडीला निऱ्या धरत नव्हत्या, पदर राहत नव्हता, खडे दंडाला टोचत होते. अकरा टाचण्या लावल्या होत्या. लग्नाच्या अल्बममध्ये माझा एक हात जवळजवळ प्रत्येक फोटोत खांद्यावर आहे. कन्यादानाच्या वेळी माझं लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे हवं होतं, ते टाचणीकडे होतं. ती वेळ परत येणार नाही. त्या दिवसापासून कुणी गिऱ्हाईक "सगळे म्हणतात म्हणून" असं म्हणालं की मी कापडाला कात्री लावत नाही. दोन दिवस विचार करून या म्हणते.

थंडीतली साडी

आपलंपण राखायचं म्हणजे काहीच बदलायचं नाही, असं काहींना वाटतं. त्यांना मी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगते. 1883 साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा आपला पोशाख आणि आहार बदलणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या थंडीत नऊवारी लुगड्यानं पाय उघडे पडत. तेव्हा त्यांनी परक्या देशाचा झगा घेतला नाही आणि थंडीत कुडकुडतही बसल्या नाहीत. गुजराती पद्धतीनं, पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. 1885 सालचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. विशीतली ती मुलगी साडीत किती निवांत बसली आहे! तिनं नेसण्याची तऱ्हा बदलली, साडी सोडली नाही. पुढच्याच वर्षी, 1886 साली, ती डॉक्टर झाली. काय राखायचं आणि काय बदलायचं याचा असा निवाडा ज्याला करता येतो, त्याची शैली खरी असं मी मानते.

काठ लपवावे लागत होते तेव्हा

कपड्यांवर लिहिणं म्हणजे रिकामपणचा उद्योग, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचावं. लुगड्याचे काठ दिसू नयेत, ते निऱ्यांत लपवून नेसावेत, अशी सक्ती महार बायकांवर होती, हे त्या पुस्तकामुळे कळतं. काठ दाखवता येतो की लपवावा लागतो यावरून गावात माणसाची पायरी ठरत होती. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या दलित बायकांशी मुद्दाम कपड्यांबद्दल बोलले. गुडघ्यापर्यंत आखूड नेसणं सोडा, लुगडं पायघोळ नेसा, जात ओळखू येईल असे गळ्याहातातले जड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी लगोलग नेसण्याची रीत बदलली.

माझ्या दुकानात गावाबाहेरच्या वस्तीतली एक आजी येत असे. तिची नजर नेहमी आधी काठाकडे जायची. काठ रुंद हवा आणि तो पुढून दिसला पाहिजे, हा तिचा हट्ट. मला त्याचं कारण पुष्कळ उशिरा उमगलं. तेव्हापासून कुणाच्या आवडीला मी भडक म्हणत नाही. एखादीला रुंद काठ, ठसठशीत रंग, भरगच्च पदर हवा असतो, त्यामागे काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

शोभेल का मला?

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. त्याचे दोन अर्थ असतात. एक, हा रंग माझ्या अंगाला खुलेल का? दुसरा, लोक काय म्हणतील?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कापड घेऊन मी गिऱ्हाइकाला ओट्यावर, उजेडात नेते. ट्यूबलाइटखाली कुठल्याच रंगाचा निवाडा करू नये. कापड हनुवटीखाली धरायचं आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा उजळला तर रंग तुमचा. सावळ्या रंगाला गडद रंग वर्ज्य, ही समजूत सोडून द्या. सावळ्या चेहऱ्याशेजारी हळदी पिवळा, रामा हिरवा, वांगी रंग किती तेजस्वी दिसतो हे मी हजार वेळा पाहिलं आहे. ठेंगण्या बाईनं मोठे काठ नेसू नयेत, हेही पूर्ण खरं नाही. निऱ्या अरुंद आणि एकसारख्या घ्याव्या, पदर लांब सोडावा, ब्लाऊज साडीच्याच रंगाचं घ्यावं, मोठा काठही तिला पेलतो.

दुसऱ्या अर्थाचं उत्तर अवघड असतं. काही वर्षांपूर्वी मला शिकवलेल्या एक बाई दुकानात आल्या. पती जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडून फक्त राखाडी, मोतिया आणि फिकट निळी ब्लाऊजं शिवून घेतली होती. त्या दिवशी पिशवीतून हिरवीगार इरकल काढली आणि बराच वेळ घडीवर हात फिरवत बसल्या. "ही त्यांनीच आणली होती," म्हणाल्या. "आता शोभेल का गं मला?" मी म्हटलं, "बाई, वर्गात तुम्ही हिरवी नेसून आलात की आम्हाला वाटायचं आज कविता शिकवणार." त्या हसल्या, डोळेही भरून आले. खणाचं ब्लाऊज शिवलं, लाल, बारीक नक्षीचं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला त्या ती साडी नेसून आल्या आणि दोन तास उभ्यानं बोलल्या. हात एकदाही पदराकडे गेला नाही.

दुसरी आठवण एका बँकेतल्या मुलीची. केस बारीक कापलेले, रोज शर्ट-पँट, कानात साधी खुंटी. भावाच्या लग्नात नऊवारी नेस म्हणून घरचे मागे लागलेले. आई तिला घेऊन आली तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं. मी तिच्यासमोर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणांचा गठ्ठा ठेवला. तो खण चोळीसाठी विणलेला, पण कापड आहे, कशाचंही होतं. जांभळ्या खणाचं गुडघ्यापर्यंतचं बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, आत सुती अस्तर, दोन्ही बाजूंना खिसे, खाली मोतिया पँट. आईला खण मिळाला, मुलीला खिसे मिळाले. लग्नाच्या दिवशी तिच्या आजीनंच सगळ्यांना बोलावून ते जाकीट दाखवलं. तीच मुलगी आता आपल्या मैत्रिणींना घेऊन येते. नऊवारीत ती अवघडली असती. त्या अवघडण्यात परंपरेचा मान राहिला असता असं मला वाटत नाही.

कपाटापासून सुरुवात

नवं काही घेण्याआधी एका रविवारी कपाट उघडा आणि तीन ढीग करा. जे तुम्ही वारंवार घालता, जे आवडतं पण बसत नाही, आणि जे कुणीतरी म्हणालं म्हणून घेतलं. पहिला ढीग नीट बघा. त्यात कुठले रंग पुन्हा पुन्हा आले आहेत, बाही किती लांब आहे, कापड सुती आहे की सिंथेटिक? तुमची शैली त्या ढिगात आधीच लिहिलेली असते. दुसरा ढीग शिंप्याकडे न्या. तिसरा, ज्याला त्यातलं काही मनापासून हवं आहे अशा माणसाला द्या.

साड्या नेसत असाल तर दर साडीला वेगळं ब्लाऊज लागत नाही. काळं, मोतिया, मोहरी रंगाचं आणि एक लाल खणाचं, अशी चार उत्तम बसणारी ब्लाऊजं दहा-बारा साड्यांना पुरतात. पुरुषांनाही हेच लागू आहे. शर्टाची खांद्याची शिवण हाडावर आली आणि पँटची लांबी बुटावर बेताची टेकली की साधा पांढरा शर्टही माणसाला भारदस्त करतो.

जे आहे ते जपा. पैठणी किंवा कुठलीही जरीची साडी सुती मऊ कापडात गुंडाळून ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी काढून घडी बदला, म्हणजे एकाच रेघेवर रेशीम तुटत नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. निसटलेला हूक, सुटलेली हातशिलाई, उसवलेला फॉल त्याच आठवड्यात शिवून घ्या. नीटनेटकं दिसण्याचं निम्मं काम सुईदोऱ्यानं होतं.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी शिंप्याकडे जाल तेव्हा फोटो दाखवण्याआधी त्याला तुमचा दिवस सांगा. किती चालता, काय उचलता, कुठे बसता, कशानं अवघडता, हे सांगा. आपलं अंग जसं आहे तसं मोजू द्या, श्वास सोडून. आणि निघताना आमच्या जुन्या बायका विचारायच्या ते विचारा, कुशीला माया ठेवली आहे ना? तुम्ही बदलणार आहात. कपड्यानं तुमच्याबरोबर बदलायला हवं.